रुळांमधलं अंतर

१८४४ साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर स्थानकात एक विचित्र प्रकार सुरू झाला. बर्मिंगहॅमहून आलेली गाडी तिथे थांबायची आणि ब्रिस्टॉलला जाणारा प्रत्येक प्रवासी सामानसुमान घेऊन खाली उतरायचा. मालाची पोती, पेट्या, सगळं काही हमाल एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात भरायचे. कारण एकच. बर्मिंगहॅमकडच्या दोन रुळांमध्ये ४ फूट साडेआठ इंच अंतर होतं, ब्रिस्टॉलकडच्या रुळांमध्ये ७ फूट.

हे ७ फुटी माप इसाम्बार्ड किंगडम ब्रुनेल या अभियंत्याचं. १८३३ साली ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं काम त्याच्या हाती आलं. अरुंद माप खाणीतल्या घोड्यांच्या गाड्यांवरून आलेलं. जॉर्ज स्टीफन्सनने तेच पुढे चालवलं. घोड्याचं माप वाफेच्या इंजिनावर कशाला लादायचं, असं ब्रुनेलचं म्हणणं होतं. रूळ रुंद असतील तर गाडी स्थिर राहील, वेगाने धावेल. ते खरंही ठरलं. १८४५ साली सरकारी आयोगासमोर शर्यतवजा चाचण्या झाल्या, त्यात ब्रुनेलच्या बाजूचं 'इक्सिऑन' इंजिन सरस निघालं.

पण प्रश्न वेगाचा उरलाच नव्हता. दोन मापं जिथे भेटतात तिथे करायचं काय? आयोगापुढे अनेक उपाय आले. डब्याचा वरचा भाग उचलून दुसऱ्या चाकांवर ठेवायचा. अरुंद डबा रुंद गाडीवर चढवायचा. माल सुट्या पेट्यांत भरून पेटीच हलवायची. ब्रुनेलने वेल्समध्ये कोळशासाठी लोखंडी पेट्या वापरल्याही. आणि सर्वांत हुशारीचा उपाय म्हणजे लांबी कमीजास्त होणारा आस, ज्यावर चाकं आतबाहेर सरकतील. आयोगाला यातलं काहीच भरवशाचं वाटलं नाही.

निकाल आकड्यांनी लावला. त्या वेळी अरुंद रूळ सुमारे १९०० मैल होते, रुंद रूळ पावणेतीनशेच्या आसपास. १८४६ च्या कायद्याने नव्या मार्गांसाठी साधारणपणे अरुंद माप पक्कं झालं. ग्रेट वेस्टर्नने तिसरा रूळ टाकून दोन्ही मापांच्या गाड्या चालवल्या, पण ती तडजोड होती. ब्रुनेल १८५९ मध्ये वारला. मे १८९२ मध्ये चार हजारांहून अधिक मजुरांनी दोन दिवसांत उरलेले १७१ मैल रूळ अरुंद केले. सरकत्या चाकांची कल्पना मात्र मेली नाही. १९६९ साली स्पेनची 'टाल्गो' गाडी बार्सिलोनाहून जिनिव्हाला निघाली, ती सीमेवर चाकांमधलं अंतर बदलून.

या भांडणाचा धडा भारताला आयता मिळाला होता. डलहौसी त्या काळात ब्रिटनच्या व्यापार मंडळाचा अध्यक्ष होता. इथे गव्हर्नर जनरल म्हणून आल्यावर देशभर एकच माप असावं, असा आग्रह त्याने धरला. साडेपाच फूट ठरलं, आणि १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी त्याच रुळांवर धावली. पण १८७० मध्ये खर्च वाचवायला मेयोच्या सरकारने मीटर गेज आणलं. निजामाची गोदावरी खोऱ्यातली रेल्वे त्याच मापाने मनमाडला पोहोचली. तिथे मुंबईच्या रुंद रुळाशी तिची गाठ पडली, म्हणजे नेमका ग्लॉस्टरचाच प्रकार! मराठवाड्याचा माल तिथे उतरायचा आणि पुन्हा चढायचा. त्यात वेळ जायचा, खर्च वाढायचा. रुंद रुळासाठी मराठवाड्याला आंदोलनं करावी लागली. देशभर एकच माप करण्याचं धोरण आलं १९९२ मध्ये.

ब्रुनेलचं गणित चुकलं नव्हतं. पण रस्ता कितीही चांगला असला तरी शेजाऱ्याच्या रस्त्याला तो जुळावा लागतो. जुळला नाही, तर दोन रुळांमधलं ते अंतर कोणाला तरी पाठीवर वाहून न्यावं लागतं. ग्लॉस्टरला ते हमालांनी वाहिलं, मनमाडलाही हमालांनीच.