अपराजिता विधेयक

बलात्कारात पीडितेचा मृत्यू झाला किंवा ती कायमची अचेतन अवस्थेत गेली, तर दोषीला फाशीच झाली पाहिजे, न्यायाधीशापुढे दुसरा पर्याय नको, अशी तरतूद असलेले पश्चिम बंगालचे विधेयक. पूर्ण नाव 'अपराजिता महिला व बालक (पश्चिम बंगाल फौजदारी कायदे सुधारणा) विधेयक, २०२४'. विधानसभेने ते ३ सप्टेंबर २०२४ रोजी एकमताने संमत केले. भारतात फाशी कधी रद्द झालेली नाही, त्यामुळे फाशी परत आणण्याचा प्रश्न इथे उद्भवत नाही. बंगाल परत आणू पाहत होता ती फाशीची सक्ती.

पार्श्वभूमी : ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयातील सेमिनार हॉलमध्ये बलात्कार व खून झालेल्या ३१ वर्षांच्या निवासी डॉक्टरचा मृतदेह सापडला. रात्रपाळीत विसावा घ्यायला ती तिथे गेली होती. दुसऱ्या दिवशी पोलिसांचा एक नागरी स्वयंसेवक पकडला गेला. १३ ऑगस्टला उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला.

त्या तपासाचा पत्ता होता सॉल्ट लेकचे सीजीओ कॉम्प्लेक्स. राज्याच्या आरोग्य खात्याचे मुख्यालय असलेले स्वास्थ्य भवनही सॉल्ट लेकमध्येच, सेक्टर फाइव्हमध्ये. हे कोलकात्याच्या पूर्वेचे उपनगर. त्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या घटनेविरुद्धचे आंदोलन पुन्हापुन्हा याच रस्त्यांवर आले. १८ ऑगस्टला सॉल्ट लेक स्टेडियमवरचा मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल हा ड्युरँड चषकाचा सामना सुरक्षेचे कारण देऊन रद्द झाला, तेव्हा दोन्ही संघांचे समर्थक एकत्र रस्त्यावर उतरले. एकाच्या खांद्यावर दुसऱ्या संघाचा समर्थक बसलेला, असे त्या दिवसाचे छायाचित्र आहे. या दोन संघांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर ज्याला ठाऊक आहे, त्याला ते पाहताना गलबलून येते.

मागणी कोणती होती : सर्वत्र ऐकू येणारी बंगाली घोषणा होती 'बिचार चाई'. मराठी कानाला तो 'विचार' वाटतो, बंगालीत त्याचा अर्थ न्याय. 'फाँशी चाई' हीही घोषणा होती. १६ ऑगस्टला खुद्द मुख्यमंत्री ममता बॅनर्जी फाशीची मागणी करत मोर्चात चालल्या.

१० सप्टेंबरला कनिष्ठ डॉक्टर हातात झाडू घेऊन स्वास्थ्य भवनावर गेले आणि तिथेच रस्त्यावर बसले. वर ताडपत्री, खाली ओला रस्ता आणि आसपासच्या माणसांनी आणून दिलेले जेवण-पाणी, असे दहा दिवस गेले. १४ सप्टेंबरला मुख्यमंत्री स्वतः तिथे आल्या. तोवर विधेयक संमत होऊन आठवडा उलटला होता, तरी कोणी उठले नव्हते. याचे कारण त्यांच्या मागण्यांत सापडते. पोलीस आयुक्त आणि आरोग्य खात्याचे वरिष्ठ अधिकारी यांना हटवा, पुरावे नष्ट करणाऱ्यांना जबाबदार धरा, रुग्णालये सुरक्षित करा, महाविद्यालयांतला धाकदपटशा थांबवा. रात्रपाळीच्या डॉक्टरला दाराला कडी असलेली खोली हवी होती. सरकारने तिला फाशीचा कायदा देऊ केला. प्रस्तुत नोंदलेखकाच्या मते या विधेयकाचे अपयश इथेच आहे, पुढे दिल्लीत जे झाले ते नंतरचे. आयुक्त आणि दोन आरोग्याधिकारी हटवले गेल्यावर २० सप्टेंबरला डॉक्टरांनी धरणे उठवले आणि स्वास्थ्य भवनापासून सीजीओ कॉम्प्लेक्सपर्यंत मोर्चा नेला.

तरतुदी व आक्षेप : तपास २१ दिवसांत, आरोपपत्रानंतर खटला ३० दिवसांत आणि स्वतंत्र तपास पथक, अशा इतर तरतुदीही विधेयकात होत्या. सर्वाधिक वादाचे कलम एकच. भारतीय न्याय संहितेच्या ६६ व्या कलमात अशा गुन्ह्याला किमान २० वर्षे, जन्मठेप किंवा फाशी आहे. विधेयकाने त्यातली फाशी तेवढी ठेवली. सक्तीच्या फाशीचे भारतीय दंडविधानातील ३०३ वे कलम सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये मिठू खटल्यात घटनाबाह्य ठरवले होते. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अमली पदार्थांच्या कायद्यातील सक्तीची फाशीही ऐच्छिक केली. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये संमत केलेल्या शक्ती विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. हा सगळा इतिहास कोलकात्यात कोणाला ठाऊक नव्हता, असे म्हणता येत नाही.

धनंजय चटर्जी : बंगालला स्वतःचाही अनुभव होता. भवानीपूरमधील १९९० च्या बलात्कार व खून प्रकरणात इमारतीचा सुरक्षारक्षक धनंजय चटर्जी याला १४ वर्षांच्या तुरुंगवासानंतर १४ ऑगस्ट २००४ रोजी अलिपूर तुरुंगात फाशी झाली. तेव्हाही जनमत फाशीच्या बाजूचे होते. पुढे २०१३ मध्ये, महाराष्ट्रातल्या शंकर किसनराव खाडे खटल्यात, धनंजयच्या निकालात गुन्हेगाराच्या बाजूच्या परिस्थितीची फारशी चर्चा झाली नसल्याचे सर्वोच्च न्यायालयानेच नोंदवले. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील देबाशिष सेनगुप्ता आणि प्रबाल चौधुरी यांनी तर पुराव्यांवरच प्रश्न उभे करणारे बंगाली पुस्तक लिहिले. ते चूक की बरोबर हे ठरवून आता धनंजयला काही देता येणार नाही. १४ ऑगस्ट २०२४ च्या रात्री बंगालभर बायका 'रात्र आमची' म्हणत रस्त्यावर आल्या, त्या दिवशी या फाशीला बरोबर २० वर्षे झाली होती.

निकाल व विधेयकाची गती : सियालदह न्यायालयाने २० जानेवारी २०२५ रोजी आर. जी. कर प्रकरणातील आरोपीला मरेपर्यंत जन्मठेप दिली. गुन्हा 'दुर्मिळातील दुर्मीळ' नाही, असे न्यायाधीशांचे मत पडले. फाशीसाठीचा हा निकष १९८० च्या बच्चनसिंग खटल्यातला. तो प्रत्येक वेळी सारखा लागू होत नाही, ही तक्रार खरी आहे, पण सक्तीच्या कलमात तो निकष वापरायला जागाच राहत नाही. राज्याला १७ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले गेले. आईवडिलांनी ती नाकारली. राज्य सरकार फाशीसाठी उच्च न्यायालयात गेले. ७ फेब्रुवारीला न्यायालयाने राज्याचे अपील दाखल करून घ्यायला नकार दिला आणि सीबीआयचे दाखल करून घेतले.

राज्यपालांनी राष्ट्रपतींच्या विचारार्थ पाठवलेले विधेयक जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या आक्षेपांसह राज्याकडे परत आले. ६६ वे कलम होते तसेच राहिले.