फायलीचा प्रवास आणि मुक्तस्रोत कार्यप्रवाह प्रणाली

ठाणे किंवा कल्याण-डोंबिवली महापालिकेत नळजोडणीसाठी अथवा मालमत्तेच्या हस्तांतरणासाठी अर्ज करणाऱ्या नागरिकाला पडणारा प्रश्न ठरलेला असतो : कागद सध्या कोणाच्या टेबलावर आहे? आवक-जावक नोंदवही याचे अर्धेच उत्तर देते. फाईल विभागात आली हे कळते. आत ती कोठे अडली हे कळत नाही. टप्प्याटप्प्याने पुढे सरकणाऱ्या अशा कामाचा प्रवास संगणकाच्या हाती सोपविणाऱ्या आज्ञावलीला कार्यप्रवाह प्रणाली म्हणजेच वर्कफ्लो सॉफ्टवेअर म्हणतात. तिचा मूळ संकेत पाहण्यास, बदलण्यास व वापरण्यास सर्वांना खुला असेल तर ती मुक्तस्रोत ठरते.

हा हिशेब कायद्यानेही मागितला आहे. 'दप्तर दिरंगाई कायदा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २००५ च्या अधिनियमानुसार शासकीय कर्मचाऱ्याकडे कोणतीही फाईल सर्वसाधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहता कामा नये. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना कालमर्यादा घातली, अपिलाची सोय केली आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांच्या दंडाची तरतूद केली. दिवस मोजणारी व्यवस्था नसेल तर असा नियम कागदावरच राहतो.

प्रणाली चालते कशी?

प्रथम कामाचा नकाशा काढला जातो. अर्ज स्वीकारणे, छाननी, जागेची पाहणी, शुल्क, मंजुरी असे टप्पे चौकटींनी आणि 'होय की नाही' असे फाटे चौकोनी हिऱ्यांनी दाखवितात. या चिन्हांना 'बीपीएमएन' असे नाव असून त्यांची दुसरी आवृत्ती २०११ मध्ये प्रमाणित झाली. वैशिष्ट्य असे, की हा नकाशा केवळ भिंतीवर लावण्यासाठी नसतो. प्रणालीचे इंजिन तोच वाचून काम चालविते. कनिष्ठ अभियंत्याने पाहणीचा शेरा दिला की अर्ज आपोआप पुढच्या अधिकाऱ्याच्या यादीत जातो. मुदत संपली तर वरिष्ठांना सूचना जाते. कोणी, केव्हा, काय केले याची नोंद राहते. वागळे इस्टेटमधील एखाद्या कारखान्यात खरेदीचा प्रस्ताव भांडारातून लेखा विभागाकडे आणि ठरावीक रकमेच्या वर असल्यास मालकाकडे जातो; तेथेही तंत्र हेच.

कल्याण-डोंबिवलीला हा विषय नवा नाही. या शतकाच्या आरंभीच या महापालिकेने नागरी सुविधा केंद्र आणि संगणकीकृत कारभाराचा प्रयोग केला. त्यासाठी एबीएम नॉलेजवेअर या मुंबईच्या खासगी कंपनीची प्रणाली वापरण्यात आली. पुढे हाच प्रयोग राज्यातील अन्य नागरी संस्थांसाठी नमुना ठरला. खासगी प्रणालीत मात्र नियम बदलला की बदलाची किल्ली बहुधा पुरवठादाराच्या हाती असते.

मुक्तस्रोताचा पर्याय येथे महत्त्वाचा ठरतो. 'ॲक्टिव्हिटी' हे इंजिन २०१० मध्ये आले. त्याच्याच मूळ संकेतातून २०१३ मध्ये 'कॅमुंडा' आणि २०१६ मध्ये 'फ्लोएबल' वेगळे झाले. भारतात नंदन निलेकणी व श्रीकांत नाधमुनी यांनी २००३ मध्ये स्थापन केलेल्या ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशनच्या 'डिजिट' या मुक्तस्रोत मंचात कार्यप्रवाहाची स्वतंत्र सेवा आहे. कोणत्या पदाने कोणत्या टप्प्यावर कोणती कृती करावी आणि त्यास किती वेळ मिळावा, हे तेथे मूळ आज्ञावलीला हात न लावता ठरविता येते.

फुकट म्हणजे कायमचे खुले, असे मात्र समजू नये. कॅमुंडाच्या सातव्या मालिकेची शेवटची मुक्त आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये निघाली; आठव्या मालिकेत प्रत्यक्ष कामासाठी ती स्वतःच्या यंत्रणेवर चालवायची तर ऑक्टोबर २०२४ पासून सशुल्क परवाना लागतो. 'एन-एट-एन' या लोकप्रिय साधनाचा संकेत पाहता येतो, पण त्याच्या व्यापारी वापरावर बंधने आहेत. म्हणून निवड करताना परवान्याचा मजकूर किमतीच्या आधी वाचावा. शिवाय परवाना विनामूल्य असला तरी सर्व्हर, प्रशिक्षण आणि देखभालीचा खर्च चुकत नाही.

साखळीतील तुटलेला दुवा

प्रणाली केवळ तिच्यातून गेलेल्या कागदाचीच साक्ष देते. कल्याण-डोंबिवली क्षेत्रातील ६५ इमारतींच्या प्रकरणात महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळविण्यात आल्याचे उघड झाले. त्या नोंदणीवर विसंबून अनेक कुटुंबांनी घरे घेतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बांधकामे पाडण्याचे आदेश दिले. परवानगी देणारी यंत्रणा एक आणि तिच्यावर विश्वास ठेवून नोंदणी करणारी दुसरी. मध्ये होता तो केवळ अर्जदाराने स्वतः आणून दिलेला कागद.

तंत्राच्या दृष्टीने हा दुवा जोडणे फारसे अवघड नाही. नोंदणीच्या नकाशात आणखी एक चौकट घालायची : परवानगीचा क्रमांक महापालिकेच्या प्रणालीला थेट विचारायचा आणि तेथून होकार आल्याखेरीज अर्ज पुढे सरकू द्यायचा नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंची माहिती एका ठरावीक नमुन्यात असावी लागते आणि खुल्या मानकांचा खरा उपयोग येथे होतो. २०२३ मध्ये महारेराने प्रारंभ प्रमाणपत्राची पडताळणी संबंधित नियोजन प्राधिकरणाच्या अधिकृत ई-मेलद्वारे करण्याची पद्धत लागू केली. त्या ६५ इमारतींच्या नोंदण्या मात्र त्यापूर्वीच्या होत्या.