दारातला तरणतलाव आणि पाण्याची निगा

भंडारा जिल्ह्याची ओळख तलावांचा जिल्हा अशी आहे. कोहळी समाजातील जाणकारांनी बांधलेले, पुढे मालगुजारांच्या ताब्यात राहिलेले आणि मालगुजारी संपुष्टात आल्यावर, म्हणजे १९५१च्या सुमारास, सरकारजमा झालेले तलाव व बोड्या इथल्या धानशेतीचा आधार आहेत. तलाव बांधणे एकवेळचे काम असते. गाळ, पाळ आणि सांडवा यांची काळजी मात्र वर्षानुवर्षे घ्यावी लागते, हे इथल्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. आता खोक्यात घडी होऊन येणारे, लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर जाड प्लास्टिकचा पत्रा ताणून तासाभरात उभे राहणारे तरणतलाव घरबसल्या मागवता येतात. त्यांनाही तोच नियम लागू आहे. पहिल्यांदाच असा तलाव घेणाऱ्याची समजूत मात्र बहुधा उलट असते. पाणी भरायचे, पोहायचे, हिरवे पडले की ओतून द्यायचे आणि पुन्हा भरायचे, असे त्याने गृहीत धरलेले असते. ऐन मे महिन्यात, शेजारच्या मोहल्ल्यात नळाला पाणी येत नसताना, ही चैन परवडणारी नाही आणि तिची गरजही नाही. नीट निगा राखली तर एकदा भरलेले पाणी संपूर्ण उन्हाळा टिकते.

त्यासाठी आपल्या तलावात नेमके किती पाणी आहे, हे आधी ठाऊक हवे. औषधाचे प्रत्येक माप त्यावरच ठरते. गोल तलावाच्या त्रिज्येचा वर्ग, त्याला ३.१४ने आणि पाण्याच्या उंचीने गुणायचे. सर्व मापे मीटरमध्ये घेतली तर उत्तर घनमीटरमध्ये येते आणि एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. बारा फूट व्यासाच्या तलावात दोन फूट पाणी भरले तर ते सुमारे ६,४०० लिटर होते. पाच हजार लिटरच्या टँकरमध्येही ते मावणार नाही.

याच आकड्याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. ६,४०० लिटर पाण्याचे वजन जवळजवळ साडेसहा टन भरते. प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ६०० किलो भार येतो. वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला चल भार चौरस मीटरला साधारण दीडशे किलोच आहे. म्हणजे दोन फूट पाण्याचा तलाव गच्चीवर ठेवणे हे स्लॅबला चौपट ओझे घालण्यासारखे आहे. ‘आमचा स्लॅब मजबूत आहे’ या भरवशावर तलाव गच्चीवर चढवू नये. स्थापत्य अभियंत्याने गणित करून लेखी दिल्याखेरीज तर मुळीच नाही. त्याची जागा अंगणातच.

अंगणातली जमीनही सपाट हवी. एका बाजूला दोन इंचांचा उतार राहिला तरी पाण्याचा दाब त्या बाजूच्या नळ्यांवर येतो आणि सांगाडा हळूहळू वाकू लागतो. उंच भाग खरवडून काढावा. सखल भागात माती टाकून सपाटी साधू नये, कारण भराव पाण्याच्या वजनाने खचतो. खडे, काटक्या वेचून वर बारीक चाळलेल्या वाळूचा पातळ थर द्यावा आणि त्यावर जाड ताडपत्री किंवा जुनी सतरंजी अंथरावी. धानाच्या पट्ट्यात एका तणाची विशेष धास्ती बाळगायला हवी. लव्हाळ्याचे, अर्थात नागरमोथ्याचे, टोकदार कोंब प्लास्टिक भेदून वर येतात. त्याच्या गाठी खणून काढल्याशिवाय तलाव मांडला तर महिन्याभरात तळाला न दिसणारी छिद्रे पडतात.

पाणी कुठले भरायचे, हाही प्रश्न आहेच. भंडारा शहर वैनगंगेच्या काठी आहे, पण नागपूरचे सांडपाणी घेऊन येणारी नाग नदी कन्हानमार्गे वैनगंगेला मिळते आणि गोसेखुर्द जलाशयाच्या फुगवट्यात ते साचते, ही गेल्या अनेक वर्षांची तक्रार आहे. नदीचे कच्चे पाणी तलावात घेऊ नये. त्यातील सेंद्रिय घाण क्लोरीन खाऊन टाकते आणि पोहणाऱ्याच्या वाट्याला काहीच उरत नाही. विंधन विहिरीचे पाणी दिसायला नितळ असते, तथापि त्यात लोह किंवा मँगनीज विरघळलेले असू शकते. तुमसर तालुक्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणीच आहेत. असे पाणी क्लोरीन टाकताच तांबूस, तपकिरी किंवा काळपट होते. पाणी नासले असे समजून ते ओतून देण्याचे कारण नाही. विरघळलेला धातू क्लोरीनमुळे कणरूप होतो, रात्रभरात तळाशी बसतो आणि नळी लावून तो हलकेच खेचून काढता येतो. गावाकडे गढूळ पाणी निवळण्यासाठी निवळीच्या बिया उगाळून घालतात. तलावात तेच काम तुरटी करते. मात्र तुरटी टाकल्यावर पंप बंद ठेवावा, नाहीतर सारा साका फिल्टरच्या कागदी घड्यांत अडकतो.

रोजच्या निगेचा गाभा दोन आकड्यांत आहे. पाण्यातील मुक्त क्लोरीन लिटरमागे एक ते तीन मिलिग्रॅम असावा आणि पीएच ७.२ ते ७.८च्या दरम्यान. हे दोन्ही तपासणाऱ्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या किंवा थेंबांची पेटी तलावाबरोबरच विकत घ्यावी. पीएच वर गेला की क्लोरीन असूनही त्याची जंतू मारण्याची ताकद घटते. फार खाली आला की डोळे चुरचुरतात आणि नळ्या गंजतात. पीएच वाढवायला धुण्याचा सोडा चालतो. खाण्याच्या सोड्याने पाण्याची क्षारता वाढते आणि त्यामुळे पीएच वारंवार हेलकावे खात नाही.

क्लोरीनचे माप सोपे आहे. वर सांगितलेल्या ६,४०० लिटरच्या तलावात क्लोरीन दोन मिलिग्रॅमने वाढवायचा तर सुमारे तेरा ग्रॅम क्लोरीन लागतो. ताज्या ब्लिचिंग पावडरमध्ये वजनाच्या एक तृतीयांश क्लोरीन धरला तर पावडर चाळीस ग्रॅमच्या आसपास हवी. ती बादलीभर पाण्यात कालवून, चुना खाली बसू देऊन वरचे निवळ पाणीच तलावात सोडावे. पावडर पाण्यात टाकावी, पावडरीवर पाणी कधीही ओतू नये. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली, झाकण सैल राहिलेली पावडर उन्हाने आणि दमटपणाने निकामी होते; जुन्या पोत्यातली पावडर ‘काम करत नाही’ असे वाटते ते यामुळेच.

विदर्भाचे ऊन या हिशेबात वेगळी भर घालते. उघड्या पाण्यातील साधा क्लोरीन कडक उन्हात दोन तासांत बहुतांश उडून जातो. सकाळी आठला औषध टाकून दुपारी चारला मुले पोहायला उतरली, तर ती बिनऔषधाच्या पाण्यात असतात. म्हणून मुख्य मात्रा सूर्यास्तानंतर द्यावी, रात्रभर पंप चालवावा आणि पोहण्याआधी पुन्हा तपासणी करावी. सायन्युरिक आम्ल हे क्लोरीनला उन्हापासून वाचवणारे द्रव्य. ते लिटरमागे तीस मिलिग्रॅमच्या आसपास ठेवले की क्लोरीन दिवसभर तग धरतो. बाजारातील पांढऱ्या गोळ्यांत हे आम्ल आधीच असते. गोळ्या सोयीच्या खऱ्या, परंतु क्लोरीन संपतो आणि आम्ल साचत राहते. दोन महिन्यांत ते इतके वाढते की क्लोरीन पुरेसा दिसूनही शेवाळ धरते, आणि मग थोडे पाणी काढून नवे भरण्यावाचून उपाय उरत नाही. गोळ्या आणि ब्लिचिंग पावडर एका भांड्यात कधीही मिसळू नयेत. स्फोट होऊ शकतो. आम्ल आणि पावडर एकत्र आली तर विषारी वायू निघतो.

ही दक्षता केवळ पाण्याच्या रंगासाठी नाही. केरळात २०२४ आणि २०२५मध्ये मेंदूज्वराचे जे रुग्ण आढळले, त्यांतील काहींच्या मागे कोमट गोड्या पाण्यात वाढणारा नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा होता. तो पिण्यातून नव्हे, तर नाकावाटे शिरतो आणि रुग्ण क्वचितच वाचतो. पुरेसा क्लोरीन असलेल्या पाण्यात तो टिकत नाही. भंडाऱ्याच्या उन्हात तलावाचे पाणी सहज कोमट होते, हे लक्षात घेतले म्हणजे तपासणीची पट्टी हा फाजील खर्च वाटणार नाही.

फिल्टरचा पंप दिवसातून किमान सहा ते आठ तास चालावा. वीज गेली तर तेवढा वेळ नंतर भरून काढावा. कार्ट्रिज दर दोन-तीन दिवसांनी नळाच्या धारेखाली धुवावी. काठावर जमणारी काळी, चिकट रेघ बहुतेक वेळा खोबरेल तेलाची असते. तेल लावलेले केस धुऊन, अंगावर साध्या पाण्याचे दोन तांबे घेऊन मगच उतरण्याची शिस्त घरात लावली तर क्लोरीनचा खर्च लक्षणीय कमी होतो. डोळ्यांत पाणी आणणारा उग्र वास आला की लोक ‘औषध जास्त झाले’ म्हणतात. वस्तुतः घाम आणि लघवीशी संयोग होऊन क्लोरीन संपत आल्याची ती खूण असते, आणि अशा वेळी मात्रा कमी नव्हे, वाढवावी लागते.

मेच्या कोरड्या वाऱ्यात पातळी दिवसाला सेंटिमीटरभर उतरली तर गळतीची शंका घेण्याआधी शेजारी एक भरलेली बादली ठेवावी. दोन्हींत घट सारखी असेल तर ते बाष्पीभवनच. रात्री झाकण घातल्याने ही घट आणि पाचोळा दोन्ही कमी होतात.

झाकण म्हणजे मात्र सुरक्षा नव्हे. लहान मूल त्यावर चढले तर त्याखाली अडकते. मोठे माणूस जवळ नसेल तेव्हा शिडी काढून घरात ठेवावी, तलावाजवळ खुर्ची किंवा पिंप राहू देऊ नये आणि पंपाच्या विजेच्या जोडणीला गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण बसवून घ्यावे. दोन फूट पाणी मोठ्यांच्या गुडघ्याच्या जरा वर येते. दोन वर्षांच्या मुलाच्या ते छातीवर, क्वचित गळ्यापर्यंतही येते.

जूनमध्ये पाऊस लागला की हिशेब बदलतो. जिल्ह्यात सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तलाव तुडुंब होतो, औषध पातळ होते आणि आठवडाभर दुर्लक्ष झाले तरी त्यात डेंग्यूच्या डासांची पैदास सुरू होते. चालवायचा नसेल तर तलाव रिकामाच करावा. त्याआधी तीन-चार दिवस औषध बंद ठेवून, पट्टीवर क्लोरीन शून्य दिसल्यावरच पाणी झाडांच्या आळ्यांत सोडावे. ताज्या औषधाचे पाणी नाल्यात गेले तर ते पुढे एखाद्या बोडीत पोचते, आणि त्या बोडीतल्या मासळीवर ढिवर कुटुंबांचे पोट असते. रिकामा पत्रा सावलीत पूर्ण वाळवून, घड्यांत टाल्कम पावडर भुरभुरून, झाकणाच्या पिंपात ठेवावा. धानाच्या कोठीशेजारी ठेवला तर उंदीर तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत शिल्लक ठेवत नाहीत.