नळीवर क्रुप, बंदूक मात्र सुलची

सोलापुरातील सात रस्त्यासारख्या जुन्या वस्तीत एखाद्या घरी आजोबांच्या शिकारीच्या दिवसांतील जर्मन दुनळी बंदूक आजही सापडू शकते. नळीवर ‘क्रुप, एस्सेन’ ही अक्षरे दिसली, की ती ‘क्रुपची बंदूक’ ठरते. ही समजूत चुकीची आहे. १८११ साली एस्सेन येथे स्थापन झालेल्या क्रुप कारखान्याने नळीसाठी पोलाद पुरविले. बंदूक घडविली ती बहुधा थुरिंगिया प्रांतातील सुल या गावच्या कारागिरांनी.

सुल येथे सावर (१७५१), हेनेल (१८४०), मेर्केल (१८९८) अशी घराणी नांदली. तेथील सिमसन हा ज्यू कुटुंबाचा कारखाना नाझी राजवटीने १९३०च्या दशकात बळकावला. हे कारखानदार पोलाद बाहेरून घेत. क्रुपखेरीज रूर खोऱ्यातील विटेन, ऑस्ट्रियातील बोहलर व बोहेमियातील पोल्डी यांचे पोलाद प्रचलित होते. त्यामुळे नळीवरील पोलादाचे नाव आणि खटक्याच्या पेटीवरील कारखानदाराचे नाव ही दोन्ही स्वतंत्रपणे वाचावीत.

त्यापूर्वीच्या नळ्या लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून जोडलेल्या असत. त्यांना ‘दमास्कस’ म्हणत. निजामाबादजवळच्या कोनासमुद्रमसारख्या गावी मुशीत तयार होणाऱ्या दख्खनी पोलादाशी त्यांचे साम्य केवळ लहरींपुरते आहे. या नळ्या काळ्या दारूसाठी होत्या. त्यांत आजचे काडतूस घालणे म्हणजे हात गमावण्याची तयारी.

अखंड पोलादाची नळी असली तरी निर्धास्त राहू नये. जर्मनीत नळीची चाचणी १८९१च्या कायद्याने सक्तीची झाली. १८९३पासून मुकुटाखाली अक्षर असे शिक्के उमटू लागले. १९४०पासून मुकुटाची जागा गरुडाने घेतली. यांत ‘एन’ हे अक्षर धूरविरहित दारूच्या चाचणीचे द्योतक होय. जुन्या बारा बोअरच्या जर्मन बंदुकांत काडतुसाची खोबण पुष्कळदा ६५ मिलिमीटरची असे, तर आजची काडतुसे सामान्यतः ७० मिलिमीटरची. ती आत सहज बसतात, धोका नेमका तेथेच आहे.

बंदूक शंभर वर्षांची झाली म्हणून परवाना अनावश्यक ठरत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यातील सूट दुरुस्तीनेही न चालणाऱ्या शस्त्रालाच मिळते. परवानाधारकाच्या निधनानंतर वारसांनी बंदूक पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून सोलापूर शहर पोलीस आयुक्तालयाकडे अर्ज करावा.