साल खोटें, नाणें खरें

नाण्यावरील साल म्हणजे त्या नाण्याची जन्मतिथि, अशी सर्वसाधारण समजूत असते. राज्यें बुडालीं, दप्तरें जळलीं, तरी धातूवर उठलेला आंकडा खोटें बोलणार नाहीं, या भरंवशावर इतिहासकार शतकांचा हिशेब मांडीत आले आहेत. या भरंवशाला अमेरिकेच्या एका रुपेरी नाण्यानें चांगलाच धक्का दिला. तें नाणें म्हणजे १८०४ चा डॉलर.

अमेरिकेनें इंग्लंडचें जूं झुगारलें तेव्हां तिच्यापाशीं स्वतःचें रुप्याचें नाणें नव्हतें. बाजारांत स्पॅनिश डॉलर चाले, आणि कायद्यानें तो पुढें १८५७ पर्यंत चालूच राहिला. २ एप्रिल १७९२ च्या कायद्यानें फिलाडेल्फिया येथें टांकसाळ निघाली. ज्योतिर्विद् डेव्हिड रिटनहाउस हे तिचे पहिले प्रमुख. डॉलरचें वजन ४१६ ग्रेन ठरलें, व त्यांत शुद्ध रुपें ३७१¼ ग्रेन. आपल्याकडील १८० ग्रेनांच्या तोळ्यानें मोजल्यास हा डॉलर सव्वादोन तोळ्यांहून किंचित् अधिक भरतो. १५ ऑक्टोबर १७९४ रोजीं पहिले १,७५८ डॉलर तयार होऊन बाहेर आले. दाबयंत्र लहान नाण्यांच्या बेताचें होतें. त्यामुळें त्यांतील अनेकांची डावी बाजू पुसट उठली आहे. चकती जड भरली तर कारागीर ती छापण्यापूर्वीं कानशीनें घांशीत. ते ओरखडे आजहि कित्येक नाण्यांवर दिसतात. नवख्याला तें व्यंग वाटतें. पारख्याला तीच जन्मखूण वाटते.

या डॉलरांचें नशीब मात्र फारसें उघडलें नाहीं. वेस्ट इंडीज बेटांत अमेरिकन डॉलर व स्पॅनिश डॉलर एकास एक या भावानें बदलत. स्पॅनिश नाणें थोडें जड असे. तेव्हां व्यापारी अमेरिकन डॉलर तिकडे नेत, जड स्पॅनिश डॉलर घेऊन परतत आणि तेच टांकसाळींत वितळवून पुन्हां नवे पाडून घेत. टांकसाळ राबे देशासाठीं, नाणें जाई परदेशीं! अखेर १८०४ च्या मार्चनंतर डॉलर पाडणें थांबलें, आणि १८०६ मध्यें सरकारनेंच तशी आज्ञा दिली.

टांकसाळीच्या वहींत १८०४ सालीं १९,५७० डॉलर पाडल्याची नोंद आहे. ही नोंद खरी आहे. पण त्या काळीं पोलादी ठसे महाग असत आणि ते निकामी होईपर्यंत वापरीत. त्यामुळें त्या वर्षींचें काम मागील सालांच्या ठशांवरच उरकलें. डॉलर १८०४ त पडले खरे, परंतु त्यांवर १८०४ हा आंकडा उमटला नाहीं.

पुढें तीस वर्षें लोटलीं. अँड्र्यू जॅक्सन अध्यक्ष असतांना एडमंड रॉबर्ट्स या वकिलाची पूर्वेकडील राजांशीं तह करण्यासाठीं योजना झाली. १८३३ मध्यें त्यानें सयाम व मस्कत यांच्याशीं तह केले. ते पक्के करण्यासाठीं दुसऱ्या खेपेस निघतांना राजांना नजर करावयास देशांतील नाण्यांचे संच हवे होते. १८३४ च्या नोव्हेंबरांत टांकसाळीला तसा हुकूम आला. संचांत डॉलर तर हवा. पण तो पाडणें बंद होऊन एक पिढी झालेली. अधिकाऱ्यांनीं जुनी वही पाहिली, शेवटचें वर्ष १८०४ दिसलें, आणि त्यांनीं त्याच सालाचा ठसा तयार केला. कोणास फसविण्याचा हेतु नव्हता. नोंद खरी होती, वाचन चुकलें, आणि पूर्वीं कधींच नसलेलें नाणें जन्मास आलें.

रॉबर्ट्स ‘पीकॉक’ या लढाऊ जहाजांतून निघाला. अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ मसिरा बेटापाशीं जहाज खडकावर चढलें, व तें मोकळें करण्यासाठीं तोफासुद्धां समुद्रांत टाकाव्या लागल्या. तरीहि १८३५ च्या ऑक्टोबरांत मस्कतचा सुलतान सय्यद सईद याच्या हातीं नाण्यांचा संच पडला. तेथून तें जहाज दुरुस्तीसाठीं मुंबई बंदरांत आलें. सयामच्या राजासाठीं राखलेला संच तेव्हां अजून पोंचता व्हावयाचा होता. कंपनी सरकारनें आपला १८० ग्रेनांचा एकछापी रुपया काढला तोहि याच वर्षीं. १८३६ च्या एप्रिलांत सयामच्या राजाला त्याचा संच मिळाला, आणि जूनमध्यें मकाव येथें रॉबर्ट्सचा मृत्यु झाला.

इकडे अमेरिकेंत नाणीं जमविणाऱ्यांत या डॉलरची कुणकुण लागली. १८४२ त टांकसाळीच्या दोन अधिकाऱ्यांनीं जगांतील नाण्यांवर एक पुस्तक प्रसिद्ध केलें व त्यांत याचें चित्र छापलें. लागलीच दुसऱ्या वर्षीं सेलमच्या मॅथ्यू स्टिकनी यानें आपल्याजवळचें एक दुर्मिळ सोन्याचें नाणें देऊन टांकसाळीकडून तो डॉलर बदलून घेतला. वहींत १९,५७० असतां नाणीं इतकीं थोडीं कां, या प्रश्नाला नाना उत्तरें निघालीं. कोणी म्हणे तीं नेणारें जहाज बुडालें; कोणी म्हणे सर्व वितळविलीं.

मागणी वाढली तसा लोभहि वाढला. १८५८ च्या सुमारास टांकसाळीच्या आंतच जुना ठसा बाहेर निघाला आणि गुपचूप नवे डॉलर पाडले गेले. हें कृत्य तेथील रात्रीचा पहारेकरी थिओडोर एक्फेल्ट याचें मानतात. त्यांपैकीं एक तर बर्न येथील १८५७ च्या स्विस नाण्यावरच छापला असून, त्या मूळ नाण्याच्या खुणा अद्याप त्यावर दिसतात. १८५७ च्या चकतीवर १८०४ हें साल! याहून स्पष्ट साक्ष ती कोणती?

अशा नाण्याची पारख केवळ सालावर भागत नाहीं. प्रथम कडा पाहावी लागते. १८०४ पूर्वींच्या डॉलरांच्या कडेवरील अक्षरें मोकळीं व स्पष्ट आहेत. १८३४ च्या प्रतींत तीं दाबलेलीं दिसतात, कारण कडेभोंवतीं घट्ट पोलादी कडें घालून छापण्याची रीत मागाहून आली. जुन्या डॉलरांच्या कांठावर दांते आहेत. या डॉलरांवर गोल मणी आहेत. मागील बाजूवर ढग व अक्षरें यांची जागा पाहिली, कीं १८३४ चा ठसा कोणता व नंतरचा कोणता हें कळतें. शिवाय १८०० ते १८०३ च्या डॉलरांवरील शेवटचा आंकडा कोरून ४ केलेलींहि नाणीं निघतात. तेथें भिंग हाच सोबती. आणि नाणें घांसून चकचकीत करणें हा या विद्येंतील अक्षम्य अपराध होय. एकदां गेलेलें मूळ तेज परत येत नाहीं. झिजेची प्रत ठरविण्यास आज १ ते ७० अशी श्रेणी वापरतात. ती विल्यम शेल्डन यांनीं १९४९ मध्यें तांब्याच्या सेंटांसाठीं प्रथम मांडली.

एरिक न्यूमन व केनेथ ब्रेसेट यांनीं कडा, मणी व कागदपत्रें यांवरून हें कोडें उलगडलें. त्यांचा ग्रंथ १९६२ त तयार होत असतांनाच सयामच्या राजाचा संच लंडनमध्यें प्रकट झाला. त्यांत १८०४ च्या डॉलराशेजारीं १८३४ चीं नाणीं होतीं. अनुमानाला प्रत्यक्षाचा आधार मिळाला.

मूळच्या या वर्गाचे आठच डॉलर ज्ञात आहेत. मस्कतच्या सुलतानाचा मानला जाणारा डॉलर १९९९ त ४१,४०,००० डॉलरांस व २०२१ त ७६,८०,००० डॉलरांस विकला गेला. त्यांतील रुप्याचें मोल थोडें. किंमत त्याच्या कथेची आहे. पण ही कथा पैशापेक्षां मोठी आहे ती दुसऱ्या कारणानें. वही खरी असून तिचा अर्थ चुकला, आणि साल खोटें असूनहि नाण्याच्या कडेनें सत्य सांगितलें. म्हणून कागदाची साक्ष वस्तूकडून व वस्तूची साक्ष कागदाकडून पडताळून घ्यावी, हाच इतिहासाच्या अभ्यासकाचा धर्म होय.