डीबीएल-१ संकेतमार्ग

सीनोरॅब्डायटिस एलिगन्स या सूत्रकृमीच्या शरीराची लांबी ठरविणारा जनुकीय संकेतमार्ग. सुमारे १ मिमी. लांबीच्या या मृदावासी कृमीच्या प्रौढ उभयलिंगी प्राण्यात कायिक केंद्रकांची संख्या ९५९ अशी ठरलेली असते. मार्गात बिघाड झालेले कृमी बुटके राहतात, तरी त्यांच्या पेशी कमी भरत नाहीत. त्या आकाराने लहान असतात. देह मोठा तर पेशी जास्त, ही सहज समजूत येथे टिकत नाही.

सिडनी ब्रेनर यांनी १९७४ मध्ये या कृमीच्या उत्परिवर्तनांची पहिली मोठी मांडणी केली, तीत लहान (स्मा) आणि लांब (लॉन) प्रकार होते. पुढे स्मा-२, स्मा-३ व स्मा-४ ही जनुके एकाच मार्गातील असल्याचे दिसून आले. प्राणिसृष्टीत सर्वत्र आढळणाऱ्या ‘स्मॅड’ प्रथिनांच्या नावातला पहिला भाग त्यांच्यावरूनच आला आहे.

डीबीएल-१ हे टीजीएफ-बीटा कुलातील प्रथिन मुख्यतः चेतापेशींतून स्रवते. ते स्मा-६ व डॅफ-४ या ग्राहींना जोडले जाते. त्यातून सक्रिय झालेली स्मॅड प्रथिने केंद्रकात शिरून जनुकांच्या अभिव्यक्तीत बदल घडवितात. येथे मात्रा निर्णायक आहे: डीबीएल-१ नसेल तर कृमी बुटका, अतिरिक्त असेल तर नेहमीपेक्षा लांब. लॉन-२ हे ग्लायपिकन प्रथिन संकेताला आवर घालते, म्हणून ते निकामी झाल्यास लांबी वाढते. संदेश चेतापेशींचा असला, तरी त्याची अंमलबजावणी त्वचेत होते. इतर ऊतींत स्मा-३ नसताना ते केवळ अधस्त्वचेत पुरविले, तरी लांबी बव्हंशी पूर्ववत होते. उपत्वचेतील कोलॅजेनांची जनुकेही या मार्गाच्या नियंत्रणाखाली येतात. बुटके कृमी अंड्यातून बाहेर पडताना मात्र जवळजवळ नेहमीच्या लांबीचे असतात; फरक नंतरच्या वाढीत पडतो.

नराच्या शेपटीतील संवेदी किरणांची रचनाही याच मार्गावर अवलंबून असते. डॅफ-४ ग्राहीचे काम दुहेरी आहे. गर्दी, उपासमार किंवा उष्णता वाढली की अळी ‘डॉवर’ नावाच्या काटक, न खाणाऱ्या अवस्थेत जाते. परिस्थिती अनुकूल असताना तिला या वाटेपासून रोखणारा डॅफ-७ हा निराळा संकेतही याच ग्राहीतून पोहोचतो. त्यामुळे डॅफ-४ निकामी झालेल्या अळ्या अन्न मुबलक असूनही डॉवर होतात, आणि त्यांतून प्रौढ होणारे कृमी बुटके निघतात.