म्युझियममधला भतक

म्युझियम म्हटलं की आपला माणूस बिचकतो. ते शिकल्यासवरल्यांचं, साहेबाचं, असं वाटतं. मी सूतगिरणीत राबतो. दहावीत शाळा सुटली. पुढचं वाचलं ते पाळी संपल्यावर. सुट्टी मिळाली की मुंबईचा फोर्ट गाठतो.

काळा घोड्याचं म्युझियम बघा. आज त्याचं नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. ११ नोव्हेंबर १९०५ ला ब्रिटनच्या युवराजानं पाया घातला. आराखडा जॉर्ज विटेटचा. इमारत १९१४ ला उभी राहिली. महायुद्धात तिचं लष्करी इस्पितळ झालं. १९२२ ला ती म्युझियम म्हणून लोकांना खुली झाली. निळसर दगड कुर्ल्याचा, पिवळा मालाडचा. युवराजाचं नाव राहिलं, विटेटचं राहिलं. खाणीत घण घालणारा कोण? पाटी वाहणारी बाई कोण? इतिहासाला पत्ता नाही.

रस्त्यापलीकडं एल्फिन्स्टन कॉलेज. तिथून बाबासाहेब १९१२ ला बी.ए. झाले, तेव्हा म्युझियमचं बांधकाम चालूच होतं.

आत गेलो. राजांची हत्यारं, देवांच्या मूर्ती. लोक अकबराच्या चिलखताशी थांबतात. मी थांबलो एका फुटक्या दगडाशी. सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तो तुकडा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला, सोपाऱ्याचा. वसईकडं भुईगावात १९५६ साली सापडला. १९५६! बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, दिली, ते साल.

नववा लेख काय सांगतो? आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात. त्यांचं फळ थोडं. खरं मंगल धम्माचं. त्यात पहिली गोष्ट कोणती? दास आणि भतक यांच्याशी नीट वागणं. भतक म्हणजे मजुरीवर राबणारा. म्हणजे तू नि मी! सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका राजाच्या लेखात आपली नोंद झाली. तिथं उभ्या उभ्या माझा ऊर भरून आला.

पण भुलायचं नाही. राजा म्हणाला, नीट वागा. दासांना मोकळं करा, असं त्यानं तिथं म्हटलं नाही. भतकाचं नावही लिहिलं नाही. तेव्हा पोराबाळांना घेऊन जा, दगड दाखवा. आणि घरी येऊन आज्याला विचारा, कुठल्या खाणीत राबला, कुठल्या गिरणीत? वहीत लिहून ठेवा. आपल्या माणसांची नावं आपणच लिहायची.